प्रायमरीत पडलेला खासदार आणि मतदारांचा मूड: कँटर, क्राउली आणि आपण काढलेले अर्थ

ओसरी

मंगळवार, १० जून २०१४. आम्ही तेव्हा व्हर्जिनियात, रिचमंडच्या बाहेर हेनरायको काउंटीत राहायचो. संध्याकाळी लेकाचा पोहण्याचा क्लास सुटायची वाट बघत गाडीत बसलो होतो आणि ऑफिसमधल्या मित्राचा फोन आला: "कँटर गेला." मला खरं वाटेना. सकाळी कामाला जाताना आमच्या भागातल्या मतदान केंद्रावरून गेलो होतो. रांग नाही, गर्दी नाही. दोन स्वयंसेवक फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसले होते, बस्स.

एरिक कँटर हे तेव्हा अमेरिकी संसदेच्या हाउसमधले, म्हणजे कनिष्ठ सभागृहातले, रिपब्लिकन पक्षाचे बहुमताचे नेते. सभापतींच्या खालोखालचं पद, आणि पुढचे सभापती तेच असं सगळे धरून चालले होते. १८९९ मध्ये हे पद तयार झालं तेव्हापासून त्यावर बसलेला माणूस स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हरल्याचं एकही उदाहरण नव्हतं. त्यांना हरवलं डेव्ह ब्रॅट यांनी. जवळच्या रँडॉल्फ-मेकन कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कँटर यांचा खर्च ५० लाख डॉलरच्या वर, ब्रॅट यांचा दोन लाखांच्या आसपास. कँटर यांच्याच माणसांनी केलेल्या चाचणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. निकाल लागला तेव्हा ते अकरा टक्क्यांनी मागे होते.

मला त्या निकालाशी काय घेणं होतं? मी मतदार नव्हतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेत उभा होतो. आदल्या वर्षी २७ जूनला सिनेटने स्थलांतर सुधारणेचं मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं होतं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांना देशागणिक जी मर्यादा आहे ती उठवायची तरतूद त्यात होती. आपल्या लोकांची रांग याच मर्यादेमुळे वर्षानुवर्षं तुंबते, हे इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. विधेयक हाउसमध्ये अडकून पडलं होतं आणि आम्ही रोज आशेने बातम्या बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे एकच निदान ऐकू आलं. मतदारांचा मूड बदललाय, स्थलांतर सुधारणेला लोकांनी साफ नाकारलंय, आता याला हात लावेल तो रिपब्लिकन संपला. ब्रॅट यांनी त्या मुद्द्यावर रान उठवलं होतं हे खरं. रेडिओवरच्या उजव्या निवेदकांनी त्यांना उचलून धरलं होतं, हेही खरं. पण त्याच मंगळवारी, मध्ये एक राज्य सोडून खाली, दक्षिण कॅरोलिनात सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचीही प्रायमरी होती. ज्या आठ सिनेटरांनी ते विधेयक लिहिलं त्यांतले हे एक. त्यांच्याविरुद्ध सहा जण उभे होते. ग्रॅहम ५६ टक्के मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले. पक्ष तोच, मतदार साधारण त्याच विचारांचा, आणि ज्या पापासाठी कँटर पडले म्हणतात ते पाप ग्रॅहम यांनी कितीतरी पटीने जास्त केलेलं.

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त गृहस्थ राहायचे. २००० साली कँटर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हापासून त्यांनाच मत देत आलेले. त्या वर्षी त्यांच्या हिरवळीवर ब्रॅट यांची पाटी लागली. मी विचारलं तेव्हा गवत कापायचं मशीन बंद करून ते कठड्याशी आले आणि बराच वेळ बोलले. स्थलांतराचा 'स'सुद्धा त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्यांचं म्हणणं, पूर्वी पत्र पाठवलं की माणसाने लिहिलेलं उत्तर यायचं. आता छापील येतं, आणि त्यात मी विचारलेल्या गोष्टीचा उल्लेखही नसतो. खाली सही छापलेली. हे सांगताना त्यांनी हवेत बोटाने ती सही काढून दाखवली.

मला तेव्हापासून वाटत आलंय की प्रायमरीत जुना खासदार पडतो तेव्हा त्याचं आणि त्याच्या गावाचं नातं तुटलेलं असतं, एवढं नक्की म्हणता येतं. देशाचा कल त्यातून काढायचा असेल तर आणखी बरंच काही तपासावं लागतं. ते तपासायला कुणी थांबत नाही. ३० जूनला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जाहीर केलं की हाउस हे विधेयक मतदानाला घेणार नाही, असं सभापतींनी त्यांना कळवलंय. विधेयक तिथेच मेलं. घोडं आधीही अडलेलंच होतं, पण शेवटचा घाव त्या निकालाच्या त्या एका अर्थाने घातला. तो अर्थ आजही मला अर्धवट वाटतो.

माझा अंदाज असा की त्या दिवशी मतदानच फार कमी झालं. कट्टर तेवढे घराबाहेर पडले, बाकीचे गाफील राहिले. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरी उदाहरणं असतील तर लिहा, विशेषतः जे त्या मतदारसंघांत राहतात त्यांनी.

नवखा_पाहुणा

छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट कुणाला, हे ठरवायची निवडणूक ना? मग बसलेल्या खासदाराला पक्ष सरळ तिकीट का देत नाही?

हिशेबी

@नवखा_पाहुणा, पक्षाच्या हातात ते नसतंच. आपल्याकडे एबी फॉर्म ज्याच्या हातात पडला तो उमेदवार. तिथे ठरलेल्या सह्या आणि शुल्क देऊन कुणीही पक्षाच्या प्रायमरीत उभं राहू शकतं आणि निकाल मतदार लावतात. नियम राज्यागणिक वेगळे. व्हर्जिनियात मतदार यादीवर पक्षाची नोंदच नसते, कुणीही कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. न्यूयॉर्कमध्ये त्या पक्षाचे नोंदलेले मतदारच चालतात. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आणि पहिले दोघे नोव्हेंबरात लढतात.

@ओसरी, धागा आवडला, पण तुमचा अंदाज आकड्यांना धरून नाही. २०१२ च्या प्रायमरीत त्या मतदारसंघात साधारण ४७ हजार मतं पडली होती. त्यातली ३७ हजारांवर कँटर यांची, म्हणजे ७९ टक्के. २०१४ मध्ये एकूण मतं ६५ हजारांवर गेली. मतदान १८ हजारांनी वाढलं. आणि कँटर यांची स्वतःची मतं ३७ हजारांवरून २९ हजारांच्या आत आली. ब्रॅट यांना ३६ हजार.

दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या. कँटर यांची जुनी माणसं सुटली आणि एरवी प्रायमरीला न येणारी नवी माणसं आली. माझ्या लेखी हा साधा अपघात ठरत नाही. मतदान घटून खासदार पडला असता तर गाफीलपणा म्हणता आलं असतं. वाढून पडला तर कुणीतरी ठरवून घराबाहेर पडलंय.

डेमोक्रॅट मतदार येऊन ब्रॅट यांना मतं देऊन गेले असाही तर्क तेव्हा झाला. नियम मोकळे असल्यामुळे थोडे आले असतीलही, पण सात हजारांचं अंतर तेवढ्याने भरत नाही.

आता तुमच्या बाजूने एक. मतदारसंघात माणसं सव्वासात लाखांच्या आसपास. त्यांतल्या ६५ हजारांनी मत दिलं आणि ३६ हजारांनी निकाल लावला. शंभरातली पाच माणसं. त्यांचा मूड कळला. बाकीच्या पंच्याण्णवांचा त्यातून कळत नाही.

ओसरी

@हिशेबी, मनापासून आभार. इतकी वर्षं मी ती रिकाम्या केंद्राची आठवण घेऊन चुकीचा समज बाळगून होतो. सकाळी आठला एका केंद्रावर दिसलं त्यावरून अंदाज बांधला. वरचं वाक्य तसंच ठेवतो, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

आणि मग शेजाऱ्यांचं बोलणं जास्तच पटतं. सुटलेल्या आठ हजारांत ते होते.

क्वीन्सकर

मी क्राउली यांच्या जुन्या मतदारसंघात राहतो. २०११ पासून न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये, त्यामुळे हे लिहायलाच हवं.

जो क्राउली १९९९ पासून हाउसमध्ये होते. पक्षात चौथ्या क्रमांकाचे नेते, शिवाय क्वीन्समधल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष. इथे न्यायाधीशापासून नगरसेवकापर्यंत कुणाला पुढे करायचं ते त्यांच्या कार्यालयात ठरतं असं लोक बोलायचे. चौदा वर्षांत प्रायमरीला त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. २०१८ मध्ये २८ वर्षांच्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ उभ्या राहिल्या. काही महिन्यांपूर्वीपर्यंत बारमध्ये काम करत होत्या.

त्यांचं पोस्टर मला अजून आठवतं. जांभळ्या-निळ्या रंगावर पिवळी छटा, नाव तिरकं वर चढत गेलेलं आणि नावाच्या आधी स्पॅनिश पद्धतीचं उलटं उद्गारचिन्ह. रूझवेल्ट अव्हेन्यूवर सात नंबरच्या गाडीच्या पुलाखाली, लाँड्रीच्या काचेवर, मोमोच्या दुकानात, जिथे तिथे. क्राउली यांचे छापील कागद पोस्टाने यायचे, रोज एक, गुळगुळीत कागदावर. बाईंची माणसं जिना चढून यायची. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही आणि आम्ही पाचव्या मजल्यावर. तिसऱ्यांदा आलेल्या मुलीला माझ्या बायकोने पाणी दिलं आणि बसवलं. घामाने भिजलेली होती. तिने आमच्याकडून घरभाड्याबद्दल ऐकून घेतलं आणि वहीत लिहून घेतलं.

२६ जूनला मी मत द्यायला गेलो. शाळेचं जेवणघर. पाट्या इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगालीत. खोलीत मतदार पाच-सहा, कर्मचारी जास्त. टेबलावरच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. माझं नाव नाही. २०१६ साली नागरिक झालो तेव्हा नोंदणीच्या कागदावर 'कुठलाही पक्ष नको' या चौकोनात खूण केली होती. आपलं मत आपल्यापाशी, ही घरची शिकवण. इथे त्याचा अर्थ प्रायमरीतून बाहेर. आणि पक्ष नोंदवायची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपलेली, म्हणजे ओकासिओ-कोर्टेझ हे नाव मी ऐकलंही नव्हतं तेव्हा. त्या बाईंनी प्रतिज्ञापत्रावरचं मत देऊ का विचारलं आणि ते मोजलं जाणार नाही हेही प्रामाणिकपणे सांगितलं. मी परत फिरलो. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

रात्री निकाल. अंतिम मोजणीत ओकासिओ-कोर्टेझ यांना १७ हजारांच्या आसपास, क्राउली यांना १३ हजारांच्या आत. दोघांची मिळून मतं तीस हजारही भरत नाहीत, आणि मतदारसंघ सात लाखांवर वस्तीचा. यादीत नाव नसल्याने परत फिरलेला मी एकटा नसणार.

क्राउली यांचा संसदेतला मतदानाचा इतिहास बघितला तर ते उदारमतवादीच होते. प्रचारात एका वादसभेला ते स्वतः आले नाहीत, दुसऱ्या बाईंना आपल्या जागी पाठवलं. त्या रिकाम्या खुर्चीबद्दल आमच्या रस्त्यावर जेवढं बोललं गेलं तेवढं कुठल्या धोरणाबद्दल नाही.

आता मूडबद्दल. "डेमोक्रॅटिक पक्ष डावीकडे गेला" असं दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. त्याच सप्टेंबरात राज्याच्या प्रायमऱ्या झाल्या. गव्हर्नरपदासाठी सिंथिया निक्सन यांना मावळते गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी जवळपास दुप्पट मतांनी हरवलं. पण त्याच दिवशी, रिपब्लिकनांशी हातमिळवणी करून वेगळा गट केलेल्या आठ डेमोक्रॅटिक राज्य सिनेटरांपैकी सहा पडले. दिवस एकच, पण लहान मतदारसंघात एक कौल दिसतो आणि राज्यभर दुसरा. २०२१ मध्ये शहराने महापौर म्हणून एरिक अॅडम्स निवडले, माजी पोलीस अधिकारी, अगदी मधल्या वाटेचे. मला वाटलं संपलं ते वारं.

संपलं नव्हतं. आमच्या शेजारचं अॅस्टोरिया बघा. २०२० च्या प्रायमरीत तिथल्या मावळत्या विधानसभा सदस्य थोड्या मतांनी पडल्या आणि झोहरान ममदानी नावाचा तरुण निवडून आला. २०२५ च्या जूनमध्ये त्याच ममदानींनी महापौरपदाच्या प्रायमरीत कुओमोंना हरवलं आणि नोव्हेंबरात ते महापौर म्हणून निवडून आले. २०१८ च्या त्या तीस हजार मतांत काहीतरी खरं होतं. ते शहरभर पसरायला सात वर्षं लागली, मध्ये उलटंही फिरलं. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात हे मावणारं नव्हतं.

हिशेबी

@क्वीन्सकर, अप्रतिम प्रतिसाद. एक जोडतो. २०१८ या सबंध वर्षात हाउसचे किती सदस्य प्रायमरीत पडले? चार. नॉर्थ कॅरोलिनात पिटेंजर, साउथ कॅरोलिनात सॅनफर्ड, तुमचे क्राउली आणि बोस्टनमध्ये कॅपुआनो, ज्यांना अयाना प्रेसली यांनी हरवलं. सदस्य ४३५. जो चार वेळा घडतो त्याला आपण लाट म्हणतो आणि पुन्हा उभे राहिलेले बाकीचे सगळे प्रायमरी जिंकले ते विसरतो.

मावशी_मिशिगन

आमच्याकडची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे म्हणून सांगते.

डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघाचे खासदार श्री ठाणेदार. आपल्या बेळगावात वाढलेले, घरी मराठी बोलणारे. २०२२ मध्ये निवडून आले तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळात किती आनंद झाला होता. मलाही झाला. पण तो निकाल नीट बघा. प्रायमरीत नऊ उमेदवार, आणि ठाणेदार २८ टक्के मतांवर जिंकले. उरलेली ७२ टक्के आठ जणांत विखुरली. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीयांचं शहर, आणि त्या निकालामुळे जवळजवळ सत्तर वर्षांनी पहिल्यांदाच शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत राहिला नाही. माझ्याबरोबर वाचनालयात काम करणाऱ्या एका बाईंनी मला तेव्हा शांतपणे सांगितलं, "तुमचा माणूस निवडून आला याचा मला राग नाही. आमचे आठ जण एकमेकांशी बोलले नाहीत याचा आहे." त्या वाक्याने मी गप्प झाले.

२०२४ मध्ये त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी उमेदवारी अर्जावरच्या सह्या कमी भरल्यामुळे मतपत्रिकेवरूनच गेले. ठाणेदार पुन्हा जिंकले, निम्म्याहून थोडी जास्त मतं घेऊन. आता यातून मतदार खूश होते असं म्हणायचं की नाराज? पडलेल्या खासदाराकडे सगळे बघतात, टिकलेल्याच्या आकड्यांकडे कुणी बघत नाही. माझ्या मते नाराजी किती आहे हे टिकलेल्यांच्या टक्केवारीत आधी दिसतं. कँटर यांनाही २०१२ मध्ये २१ टक्क्यांनी नाकारलंच होतं, ते कुणी पाहिलं?

कसबेकर

आमच्याकडे प्रायमरी नाही, पण एका जागेवरून महाराष्ट्राचा मूड सांगणारे आम्ही पुण्यात फार जवळून पाहिलेत. २०२३ ची कसब्याची पोटनिवडणूक. १९९५ पासून भाजपकडे असलेली जागा, काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जवळपास ११ हजारांनी घेतली. २ मार्चला निकाल लागला तेव्हा मी तांबडी जोगेश्वरीपाशी होतो. गुलालाने रस्ता लाल. पेढेवाल्याकडे माल संपला. त्याच दिवशी बारा-पंधरा किलोमीटरवरच्या चिंचवडला भाजपच्या अश्विनी जगताप निवडून आल्या, तिकडे बंडखोरामुळे विरोधी मतं फुटली होती. पण चर्चा कसब्याचीच झाली.

पुढे काय झालं? २०२४ च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, म्हणजे कसब्याने खरं सांगितलं असं वाटलं. पण त्याच निवडणुकीत पुण्याच्या जागेवर स्वतः धंगेकर हरले. आणि नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० जागा, कसब्यातही हेमंत रासने यांनी धंगेकरांना पाडलं. वीस महिन्यांत दोनदा वारं फिरलं.

ओसरी यांनी ग्रॅहम यांचं उदाहरण दिलं तसंच आमचं चिंचवड. त्याच दिवशी शेजारी काय झालं ते आधी बघावं, हे मला पटलं.

रानवारा

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. सगळे मिळून असं दाखवताय की प्रायमरीतल्या हारीतून काहीच कळत नाही. ते खरं नाही.

वायोमिंगच्या लिझ चेनी बघा. २०२० च्या प्रायमरीत ७३ टक्के मतं. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं. १६ ऑगस्ट २०२२ ला प्रायमरीत २९ टक्के. हॅरिएट हेगमन यांना ६६. इथे नातं तुटलं वगैरे म्हणायला जागा नाही, कारण कारण एकच होतं आणि सगळ्यांना माहीत होतं. शिवाय ही एकट्या वायोमिंगची गोष्ट नव्हती. महाभियोगाच्या बाजूने मत देणारे हाउसमधले रिपब्लिकन दहा होते. चौघांनी निवडणूक लढवलीच नाही. चौघे प्रायमरीत पडले. उरले दोघे, कॅलिफोर्नियाचे वॅलाडेओ आणि वॉशिंग्टनचे न्यूहाउस, आणि दोन्ही राज्यांत हिशेबींनी सांगितलेली ती सामायिक मतपत्रिका. तीही हमखास तारक नव्हती. वॉशिंग्टनमध्येच हेरेरा ब्यूटलर पडल्या.

दहांपैकी दोन उरतात तेव्हा तो मूड आहे. तो एका पक्षाच्या मतदारांचा मूड आहे हे कबूल, पण त्या पक्षाचं पुढचं सगळं राजकारण त्यानेच ठरवलं. आणि मागे वळून पाहिलं तर कँटर यांचा निकालही त्याच वाटेवरचा पहिला मैलाचा दगड वाटतो. पुढच्याच वर्षी ट्रम्प उभे राहिले आणि पक्षातले एकेक बडे नेते त्यांनी बाजूला सारले. ब्रॅट यांना मत देणारे तीच भाषा आधी बोलत होते.

ओसरी

@रानवारा, चेनींबद्दल पूर्ण मान्य, आणि तुम्ही ज्या पद्धतीने सांगितलंत तीच पद्धत मला हवी होती. तुम्ही एक निकाल घेऊन थांबला नाहीत. त्याच कारणासाठी अडचणीत असलेले दहाच्या दहा मोजलेत. २०१४ मध्ये असं मोजलं असतं तर ग्रॅहम त्या यादीत आले असते आणि निदान बदललं असतं.

कँटर ते ट्रम्प या रेषेबद्दल मी अजून अडखळतो. आज ती रेषा स्पष्ट दिसते कारण २०१६ आपण पाहिलंय. पण त्या रेषेवरचे ब्रॅट स्वतः २०१८ मध्ये त्याच मतदारसंघात डेमोक्रॅट अॅबिगेल स्पॅनबर्गर यांच्याकडून हरले. मतदारसंघाच्या सीमा मध्ये बदलल्या होत्या, पण माझा जुना भाग तोच होता. चार वर्षांत त्याच रस्त्यांनी उजवीकडचा उठाव आणि डावीकडचा कौल दोन्ही दिले. एवढ्या कमी वेळात माणसं इतकी बदलत नाहीत. प्रत्येक वेळी घराबाहेर पडणारी माणसं वेगळी होती.

क्वीन्सकर

सीमांचा मुद्दा निघालाय तर आमच्या वरचं बघा, ब्राँक्स आणि वेस्टचेस्टरचा १६ वा मतदारसंघ. एलियट एंगल १९८९ पासूनचे खासदार. २०२० मध्ये शाळेचे मुख्याध्यापक जमाल बोमन यांनी त्यांना पाडलं. "डावी लाट" म्हणून मथळे. २०२४ मध्ये बोमन यांना जॉर्ज लॅटिमर यांनी सतरा टक्क्यांच्या फरकाने पाडलं. "डाव्यांना ओहोटी" म्हणून मथळे. दोन्ही वेळा मतदारसंघाचा आकडा १६. पण मधल्या काळात सीमा बदलून ब्राँक्सचा बराच भाग गेला आणि वेस्टचेस्टरची उपनगरं वाढली. शिवाय गाझाच्या युद्धावरून बोमन यांच्या विरोधात इस्रायल-समर्थक गटाने कोटी डॉलरच्या वर पैसा ओतला. हाउसची इतकी महाग प्रायमरी त्याआधी झाली नव्हती. एवढं सगळं बदललं असताना तेच मतदार फिरले असं कसं म्हणायचं?

मावशी_मिशिगन

ओसरी, तुमच्या शेजाऱ्यांच्या छापील पत्रावरून मला इंडियानाचे सिनेटर रिचर्ड लुगर आठवले. १९७७ पासून सिनेटमध्ये. अण्वस्त्रं नष्ट करण्याच्या कामात जगात नाव. २०१२ मध्ये प्रायमरीच्या आधी असं पुढे आलं की ते मतदार म्हणून ज्या घराच्या पत्त्यावर नोंदलेले आहेत ते घर त्यांनी १९७७ मध्येच विकलंय. निवडणूक मंडळाने त्या पत्त्यावर त्यांना मतदानाला अपात्र ठरवलं. मे महिन्यात ते जवळजवळ साठ-चाळीसने हरले. माझी नणंद इंडियानापोलिसला असते, तिच्या सोसायटीत लोक परराष्ट्र धोरणावर काही बोलत नव्हते. "इथे घर नाही त्यांचं," एवढंच. आणि गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की ज्यांनी त्यांना पाडलं ते नोव्हेंबरात डेमोक्रॅट उमेदवाराकडून हरले. प्रायमरीच्या मतदारांचा मूड एक आणि राज्याचा दुसरा, हे सहा महिन्यांत दिसलं.

नवखा_पाहुणा

खूप शिकायला मिळालं. ओसरी, एक विचारू का? तुमच्या ग्रीन कार्डचं पुढे काय झालं?

ओसरी

@नवखा_पाहुणा, आलं. २०२१ साली, म्हणजे त्या निकालानंतर सात वर्षांनी. त्या सात वर्षांत आई गेली तेव्हा परत यायला व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या भीतीने मी जायला तीन दिवस उशीर केला. ते अजून पोटात आहे. त्या निकालाबद्दल इतकं वाचत राहायचं कारण तेच.

नागरिकत्व अजून नाही, त्यामुळे मत अजून नाही. पण ज्याच्या पोहण्याच्या क्लासबाहेर मी बसलो होतो तो इथे जन्मलेला. २०२५ मध्ये १७ जूनला व्हर्जिनियाची प्रायमरी होती, त्याची पहिलीच. मी त्याला केंद्रावर सोडलं आणि गाडीत थांबलो. त्याला दहा मिनिटं लागतील असं वाटलं होतं, चाळीस लागली. बाहेर आल्यावर म्हणाला, रांग नव्हती. आत टेबलावरच्या एका आजोबांनी नाव वाचून आडनाव कसं उच्चारायचं ते विचारलं आणि नीट जमेपर्यंत तीन-चारदा म्हणून बघितलं. मग नायब गव्हर्नरपदाला सहा उमेदवार होते, तो त्यांच्याबद्दल घरून वाचून गेला नव्हता, म्हणून कोपऱ्यात उभं राहून फोनवर वाचत बसला.

कुणाला मत दिलं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हिशेबी

@ओसरी, आईंबद्दल वाचून वाईट वाटलं.

रानवारा यांनी दहा जणांचा जसा तक्ता मांडला तसा २०१४ चा करायला घेतोय. विधेयकाच्या बाजूने उघड बोललेले, त्या वर्षी प्रायमरीला सामोरे गेलेले रिपब्लिकन खासदार आणि सिनेटर, प्रत्येकाची आधीच्या प्रायमरीतली मतं आणि २०१४ ची मतं. दोन-तीन दिवस लागतील. इथेच टाकतो.